मामांचा ॲम्प्लिफायर आणि माझा अहवाल

मी सर्वांत जास्त ऋणी आहे तो माझ्या मामांचा. मामा म्हणजे आईचे भाऊ नव्हेत. आमच्याकडे आत्याच्या नवऱ्यालाही मामाच म्हणतात. उल्हासनगर कॅम्प पाचमध्ये त्यांचा दहा बाय बाराचा गाळा होता आणि तिथे ते ॲम्प्लिफायर बनवायचे. शिक्षण आठवीपर्यंत. माझे वडील अंबरनाथला कारखान्यात कामगार होते. कॉलेजच्या प्रवेशाच्या दिवशी त्यांना रजा मिळाली नाही, तेव्हा मामा गाळा बंद ठेवून माझ्याबरोबर आले. फॉर्मवर पालकाच्या जागी त्यांचीच सही आहे. खिडकीतल्या बाईंनी विचारलं, "तुम्ही मुलाचे कोण?" मामा म्हणाले, "पोरगा इंजिनियर होणार आहे बाई. मी त्याचा वायरमन."

आमच्या घरात पदवी घेणारा मी पहिला. इलेक्ट्रॉनिक्स मला कॉलेजने शिकवलं हे खरं, पण सोल्डरिंगच्या धुराचा वास आवडायला लागला तो त्या गाळ्यात.

मामांचं बहुतेक काम मंडळांचं असे. जयंती, गणपती, नवरात्र, लग्नं. एका ट्रकवर आठ-आठ मशिनं, म्हणजे ॲम्प्लिफायर, आणि भिंतीसारखे रचलेले स्पीकर. तिथे जोडणीची एक पद्धत ठरलेली होती: लाल तारा वेगवेगळ्या, काळ्या सगळ्या एका पितळी पट्टीवर. मामांच्या मशिनांची काळी तार आतून बॉडीलाच, म्हणजे पत्र्याच्या खोक्यालाच, जोडलेली असे, त्यामुळे सगळ्या काळ्या एकत्र केल्या तरी काही बिघडत नसे. तार वाचते, वेळ वाचतो, गर्दीत चूक होत नाही. या पद्धतीने त्यांनी पंचवीस वर्षं काम केलं. त्याच पंचवीस वर्षांत स्पीकरसमोर उभं राहून त्यांचा उजवा कान जवळजवळ गेला.

पुढे मंडळं तयार मशिनं भाड्याने आणू लागली. गाळ्यात काम कमी झालं. त्या दिवसांत एक सेठ आले. सिंधी, फर्निचरच्या धंद्यातले, पूर्वी मामांच्याच गल्लीत त्यांचा कारखाना होता. आता बदलापूरला बंगला बांधला होता आणि परदेशी स्पीकरची जोडी आणली होती, माणसाच्या उंचीची. त्यांचा महागडा ॲम्प्लिफायर गाणं जरा रंगात आलं की टक् करून बंद पडायचा. विकणारे सांगत, याहून मोठा घ्या.

"मास्टर, तू एकदा बघ," सेठ म्हणाले. "डॉक्टर बहुत हो गए, अब हकीम को दिखाता हूँ."

मी तेव्हा शेवटच्या वर्षाला होतो. लॅपटॉप घेऊन मामांबरोबर बदलापूरला गेलो. प्रत्येक सुराला स्पीकर किती अडवतो, म्हणजे त्याचा ओहम किती, हे आम्ही मोजलं. मागच्या पाटीवर आठ लिहिलं होतं. ढोलाच्या खालच्या सुराला तो दीडवर येत होता. ओहम जितका कमी, तितका करंट ॲम्प्लिफायरला जास्त द्यावा लागतो. आठचा स्पीकर समजून बांधलेल्या मशिनकडून हा पाचपट मागत होता, आणि ते बिचारं जीव वाचवायला बंद पडत होतं.

आलेख बघून मामा म्हणाले, "हा स्पीकर नाही, जावई आहे. दिसायला शांत, एकदा पाटावर बसला की मागतच राहतो."

मग तीन महिने त्यांनी एक मशीन बांधलं. ट्रान्सफॉर्मर हाताने गुंडाळला, इतका जड की दोघांनी उचलावा लागे. "व्होल्टेज म्हणजे टाकीची उंची," ते मला सांगत, "आणि करंट म्हणजे पाइपाची जाडी. ह्यांनी टाकी चौथ्या मजल्यावर नेली आणि पाइप अर्ध्या इंचाचा ठेवला." सेठच्या हॉलमध्ये बोटाएवढ्या जाड, नऊ मीटर लांब केबल होत्या, विणलेल्या, दागिन्यासारख्या. त्या केबलमुळे मामांचं मशीन ऐकू न येणारी शिट्टी मारत तापत होतं. स्कोपच्या पडद्यावर ते स्पष्ट दिसलं. मामांनी मशीन दोन स्पीकरच्या मध्ये नेऊन ठेवलं, साधी चांगली तांब्याची केबल दोन-दोन हातांची कापली आणि मशिनच्या तोंडाशी एक छोटी कॉइल घातली. शिट्टी थांबली. संध्याकाळी सेठनी अर्धा तास गाणी ऐकली. मग म्हणाले, "मास्टर, ये तो साँस ले रहा है."

सेठचा एक गट होता. ठाणे, डोंबिवली, पुण्याचे आठ-दहा शौकीन रविवारी कुणाच्या तरी घरी जमून गाणी ऐकायचे. सेठ म्हणाले, "सगळ्यांना बोलावतो. कंपनीचं एक मशीन आणि तुझं मशीन, याच स्पीकरवर. पसंत पडलं तर पाच-सहा जण बनवून घ्यायला तयार आहेत." त्या रात्री जेवताना मामा आत्याला म्हणाले, "हे जमलं तर गाळा राहील. नाही तर नाही." त्यांनी हे 'भाजी वाढ' म्हणावं तितक्या साधेपणाने सांगितलं.

तोपर्यंत मी पदवी घेऊन ठाण्याच्या एका शोरूममध्ये लागलो होतो. अशाच महागड्या वस्तूंचं शोरूम. समोरचं कंपनीचं मशीन आमच्याच शोरूमचं होतं आणि ते जोडून द्यायला मलाच पाठवलं होतं. त्या रविवारी सकाळी माझ्या अंगात शोरूमचा टी-शर्ट होता. मामा इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आले होते.

दोन्ही मशिनं पटकन बदलून ऐकता यावीत म्हणून मामांनी एक पेटी बनवून आणली होती. एक बटण फिरवलं की याच्याऐवजी ते मशीन वाजायचं. आत जोडणी ट्रकवरचीच: लाल वेगवेगळ्या, काळ्या सगळ्या एका पट्टीवर.

तारा लावण्याआधी त्यांनी मला विचारलं, "इंजिनियर, तुझ्या मशिनची काळी बॉडीला आहे ना?"

"हो, असते."

"बघून सांग."

सोफ्यावरून कुणीतरी हसत म्हणालं, "अरे मास्टर, वो ग्रॅज्युएट है, उसको क्या पढ़ाते हो!" सगळे हसले. माझे कान तापले. पुस्तिका गाडीत खोक्यात होती, तिचं प्लास्टिकही फाडलेलं नव्हतं. मी म्हणालो, "मामा, सगळ्यांचीच असते हो. लावा तुम्ही."

सगळ्यांची नसते. काही ॲम्प्लिफायरमध्ये एका स्पीकरसाठी दोन मशिनं उलटसुलट जोडलेली असतात. त्यांची काळी तारही लालइतकीच जिवंत असते आणि ती बॉडीला किंवा दुसऱ्या काळ्या तारेला कधीच लावायची नसते. याला ब्रिज म्हणतात. शेवटच्या वर्षाच्या परीक्षेत त्यावर प्रश्न होता आणि मी तो आकृतीसह लिहिला होता.

आधी आमचं शोरूमचं मशीन लावायचं ठरलं. आवाज बारीक होता तोवर काही कळलं नाही. तबला सुरू झाला, सेठनी रिमोटने आवाज वाढवला. आधी वास आला, मग मशिनच्या आत फट् असा आवाज झाला, आणि उजव्या स्पीकरचा मोठा पडदा पुढे येऊन तसाच ताणून राहिला. मामांनी धावत जाऊन भिंतीवरचं बटण बंद केलं, पण पडद्यामागून धूर येत होता. आतली कॉइल जळाली होती. तो भाग परदेशातून मागवावा लागणार होता, आणि सेठनी ती जोडी मिळवायला वर्ष घालवलं होतं.

मामा खाली बसले. शोरूमच्या मशिनचा डाव्या स्पीकरचा जो भाग शाबूत होता त्याच्या काळ्या टोकाला त्यांनी मीटरची एक पिन लावली, दुसरी बॉडीला. मीटर वाजला नाही, म्हणजे काळी बॉडीला नव्हतीच. त्यांनी पुन्हा लावून बघितलं. मग मान वळवून माझ्याकडे पाहिलं, फार तर दोन सेकंद. मीटरच्या वायरी गुंडाळत ते उठले आणि सेठना म्हणाले, "पेटी माझी आहे. चूक माझी."

मी टी-शर्ट घालून तिथेच उभा होतो. बोलायला मला पुरेसा वेळ होता.

दुसऱ्या दिवशी शोरूमचे साहेब म्हणाले, "इंग्लिशमध्ये दोन पानं लिहून दे. आपल्यावर यायला नको." मी लिहिलं. स्थानिक, अप्रशिक्षित कारागिराने बनवलेल्या असुरक्षित पेटीमुळे बिघाड झाला, असं लिहिलं. आकृती काढली. काळ्या तारा एकत्र होत्या हे खरंच होतं, त्यामुळे अहवालात खोटं वाक्य एकही नव्हतं. मामांनी मला दोनदा विचारलं होतं, एवढंच त्यात नव्हतं. साहेब म्हणाले, "इंग्लिश चांगलं आहे तुझं." सेठच्या गटात तो अहवाल फिरला, तिथून दुसऱ्या गटांत गेला.

आठ दिवसांनी मामा अंबरनाथला आमच्या घरी आले. सेठच्या मॅनेजरकडून त्यांनी कागद आणला होता. खाली सही साहेबांची होती. "वाचून दाखव रे," म्हणाले. आई चहा टाकत होती, वडील खाटेवर बसले होते.

मी कागद धरला आणि सांगितलं, "अपघात झाला असं लिहिलंय. जोडणीत काही गडबड होती म्हणतात."

मामांनी कागदावर बोट ठेवलं. पार्टचे इंग्रजी कागद वाचून वाचून त्यांना अक्षरं येत होती. "हे 'अनसेफ' ना? हे मला येतं. आणि हे? अन... ट्रेन्ड?"

"म्हणजे कोर्स न केलेला."

"मग ते खरंच आहे," मामा म्हणाले, आणि कपातला चहा बशीत ओतला.

पुढचं थोडक्यात सांगतो. कुणाचीही ऑर्डर आली नाही. सेठ भांडले नाहीत, फक्त फोन बंद झाला. सहा महिन्यांत मामांनी गाळा सोडला. बारवी धरणाच्या रस्त्याला एका चाळीत खोली घेतली आणि अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्याच्या गेटवर दिवसपाळीला बसू लागले. येणाऱ्या गाड्यांचे नंबर वहीत लिहायचे. दुसरा कानही गेला. ते जड मशीन भंगारवाल्याने तांब्यासाठी नेलं. मला शोरूममध्ये बढती मिळाली. कोणत्या स्पीकरला कोणतं मशीन आणि कोणती केबल, हे लोक मला विचारू लागले. मी जे सांगायचो त्यातलं निम्मं मामांचं असायचं.

या गोष्टीला तीन वर्षं झाली. मागच्या महिन्यात शोरूममध्ये एक गिऱ्हाईक दुसऱ्याला किस्सा सांगत होतं: "उल्हासनगरचा एक मास्टर होता, ट्रकवरची वायरिंग करून परदेशी स्पीकर जाळला त्याने." सगळे हसले. मीही हसलो. हसून झाल्यावर मी मागच्या खोलीत गेलो आणि बराच वेळ बाहेर आलो नाही.

मामांना फोनवर ऐकू येत नाही. समोर जाऊन सांगायचं तर त्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने बोलावं लागतं, आणि तेवढ्या मोठ्याने ही गोष्ट सगळ्या चाळीने ऐकली असती. मला त्याचीही लाज वाटली. म्हणून पत्र लिहिलं. ते असं:

तीर्थरूप मामांस,

जय भीम.

त्या रविवारी तुम्ही मला दोनदा विचारलंत आणि मी दोन्ही वेळा न बघता हो म्हणालो. मीटर वाजला नाही तेव्हा तुम्हाला कळलं होतं. तुम्हाला कळलंय हे मलाही कळलं होतं. तरी तुम्ही चूक आपल्यावर घेतलीत, कारण माझी नोकरी नवीन होती. मी ती घेऊ दिली.

तुम्ही घरी आणलेला अहवाल मीच लिहिला होता. सही साहेबांची, वाक्यं माझी. तुम्ही वाचायला सांगितलंत तेव्हा मी खोटं वाचलं. 'अनट्रेन्ड'चा अर्थ मी सांगितला तसा होतो, पण मी तो तशा अर्थाने लिहिला नव्हता. काम न येणारा माणूस, असंच वाचणाऱ्याला वाटावं म्हणून लिहिला होता. तो शब्द तुमच्याबद्दल खरा नाही. त्या स्पीकरला काय हवंय हे त्या हॉलमध्ये एकट्या तुम्हाला कळलं होतं.

काल मी साहेबांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, आता कशाला उकरतोस. मी उकरणार म्हटल्यावर त्यांनी शोरूमची चावी ठेवून जायला सांगितलं, नोकरी गेली. वडिलांना अजून बोललो नाही, आज बोलेन. सेठना आणि गटातल्या ज्यांचे नंबर माझ्याकडे होते त्या सगळ्यांना नवा अहवाल पाठवला. त्यात तुमचा प्रश्न आणि माझं उत्तर, दोन्ही लिहिलंय. सेठनी वाचल्याची खूण दिसते. उत्तर नाही. एकाने अंगठा दाखवला, एकाने मला फोनवरच्या गटातून काढलं. याने गाळा परत येणार नाही, हे मला माहीत आहे.

माफी मागायला मी रविवारी येतो असं लिहिलं होतं, ते खोडलं. तुम्ही बोलवाल तेव्हा येईन. नाही बोलावलंत तर आत्याला आमच्याकडे पाठवत जा, तिचं येणं माझ्यामुळे बंद होऊ नये.

सोबत नव्या अहवालाची मराठी प्रत जोडली आहे. पेटीची जोडणी मी आठवून काढली आहे. पट्टीवर किती स्क्रू होते ते मला नक्की आठवत नाही, मी सहा लिहिलेत. चुकलं असेल तर पेनाने दुरुस्त करून प्रत परत पाठवा. तुम्ही लिहाल तसं मी सगळ्यांना पुन्हा कळवीन.

तुमचा भाचा