एकास वीस, एकास अठरा

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, भावाला तर नाहीच. आणि आज सांगतोय तेही मन हलकं करायला नाही — माझं मन तितकंसं जड नाही, हेच तुम्हाला पुढे खटकेल. खटकू दे.

आधी मापं सांगतो, कारण सगळं मापांवरच आहे. मुलुंड पूर्वेला आमचं घर, पाचवा मजला, एक बेडरूम, हॉल, किचन. हॉलच्या बाल्कनीला आधीच्या मालकाने भिंत आणि दार घालून खोली केलेली. आतून सहा फूट चार इंच लांब, पाच फूट रुंद. घर घेतलं तेव्हा मेधा, माझी बायको, म्हणाली, इथे वॉशिंग मशीन ठेवू. मी म्हणालो, ही माझी. लग्नाला तेवीस वर्षं झाली. तिच्याकडे हट्टाने मागितलेली अशी ही एकच गोष्ट.

त्या खोलीत मी मॉडेलं करतो. प्रमाणात, खऱ्या वस्तूची मापं काढून केलेली. त्या वर्षी टेबलावर आगबोट होती — लहानपणी मे महिन्यात जिच्यातून आम्ही गावी जायचो, ती. एकास अठ्ठेचाळीस, म्हणजे खऱ्या बोटीच्या अठ्ठेचाळीस इंचांना माझा एक इंच. लांबी सव्वाचार फूट. नकाशे मिळाले नाहीत, म्हणून जुने फोटो आणि बाबांची आठवण यांवर काम चाललेलं. बाबा गिरणीच्या वर्कशॉपमध्ये फिटर होते. त्यांची आठवण फोटोपेक्षा भरवशाची. नुसत्या कठड्यालाच दोनशे बारा खांब निघाले. पितळी तार, प्रत्येक तुकडा बावीस मिलिमीटर. मेधा दारात उभी राहून म्हणायची, "दोनशे दहाच लावले तर बुडेल का रे?"

बुडणार नाही, पण चूक असेल. आणि मला चूक चालत नाही — असं मी म्हणायचो, घरात सगळ्यांना ते पाठ होतं.

बाबा तेव्हा वाकोल्याला, धाकट्या भावाकडे, सुहासकडे राहत. एक खोली आणि किचन. सुहासची चार माणसं आणि बाबा. तिसरा मजला, लिफ्ट नाही, चोपन्न पायऱ्या. आई गेल्यावर दोन वर्षांत त्यांचे गुडघे कामातून गेले. खाली उतरणं बंद होत चाललं होतं. एकदा फोनवर बोटीच्या धुराड्याबद्दल सांगता सांगता मध्येच म्हणाले, "तुमच्याकडे लिफ्ट आसा मा?"

आहे हे त्यांना ठाऊक होतं. आमच्याकडे यायचे ते त्याच लिफ्टने. मग विचारलं कशाला? ते मागणं होतं — आणि बाबांनी आयुष्यात माझ्याकडे दुसरं काही मागितल्याचं मला आठवत नाही. मी काय म्हणालो? म्हणालो, "हो, आहे ना. धुराड्याला रंग कोणता होता?"

महिन्याभरात सुहासने सरळ विषय काढला. "दादा, बाबांना तुझ्याकडे ने. निदान खाली बाकावर तरी जाऊन बसतील. तुझी ती खोली आहेच की." आमच्या बेडरूममध्ये आम्ही दोघं. हॉलमधल्या सोफ्यावर बारावीतली मुलगी झोपायची. म्हणजे बाबांच्या खाटेला जागा उरली ती माझ्याच खोलीत. खाट सहा फूट लांब, अडीच फूट रुंद.

सहा फूट चार इंचांत सहा फुटांची खाट बसते का? कुणीही सांगेल. पण खोलीचं माप मला एकट्यालाच माहीत होतं. टेबल, फळ्या, खोकी यांमागे भिंतीच दिसत नव्हत्या. आणि आमच्या घरात असले प्रश्न टेपने सोडवायची पद्धत नव्हती. मी जाड पुठ्ठ्याचं आमच्या घराचं मॉडेल करून ठेवलं होतं, भिंती-दारांसकट, एकास वीस. फ्रिज असो, कपाट असो — आधी त्याचं पुठ्ठ्याचं पिल्लू करायचं, आत फिरवून बघायचं, मग दुकानात जायचं. अकरा वर्षांत एकदाही चुकलं नव्हतं. म्हणून मी सुहासला म्हणालो, "बाबांना घेऊन रविवारी या. बसवून बघू."

"बघ बाबा," तो म्हणाला. "तुझ्या मापापुढे कोण बोलणार?"

शनिवारी सकाळी मी खाट केली. एकास वीसने सहा फूट म्हणजे साडेएक्क्याण्णव मिलिमीटर. मी पट्टी ठेवली आणि एकशे दोनवर खूण केली. घर एकास वीस, खाट एकास अठरा. पुठ्ठ्यातली खोली होती साडेशहाण्णव. सरळ रेषेत कापली. कडा पॉलिश पेपरने घासल्या, चार पाय चिकटवले. वर एक उशीही केली. उशी कशाला? खरी वाटावी म्हणून. खाट चांगली झाली होती — हेही सांगून टाकतो.

रविवारी सुहासने बाबांना धरून धरून खाली उतरवलं आणि रिक्षाने आणलं. जेवणं झाली. मी मॉडेल डायनिंग टेबलवर ठेवलं. सुहासने खाट आत सरकवली. अडली. त्याने ती तिरकी केली, उलटी केली, मग आडवी घातली. "थोडक्यासाठी अडतेय, यार." मेधाने नखाने दाबून बघितलं. "पाय कापले तर?"

"माझेच कापा," बाबा म्हणाले. "तशे पण कामाचे नाय ऱ्हवले."

सगळे हसले. मीही हसलो.

मग बाबांनी हात पुढे केला. खाट उचलली, चष्मा कपाळावर सरकवून अगदी जवळ धरली, बोटाच्या पेरावरून एकदा फिरवली. आणि मॉडेलमध्ये त्या खोलीचं जे दार होतं, त्याला टेकवून उभी केली.

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. दार साडेसहा फुटी. पुठ्ठ्यात नव्व्याण्णव मिलिमीटर. माझी सहा फुटांची खाट साडेसहा फुटांच्या दाराच्या वर तीन मिलिमीटर गेली होती. सुहास पंख्याकडे बघत काही बोलत होता, मेधा ताटं उचलत होती. त्यांना काही दिसलं नाही, दिसलं असतं तरी कळलं नसतं. पण बाबांनी उभा जन्म कानस चालवली होती. तीन मिलिमीटर म्हणजे त्यांच्या लेखी हातभर.

त्यांनी दाराकडे बघितलं, मग माझ्याकडे. मग खाट अलगद बाजूला ठेवली, उशी वर येईल अशी.

"नाय बसत रे झिला," म्हणाले. "तुझा बरोबर आसा."

त्यांना कळलं होतं का? हा प्रश्न मी घोळवत बसत नाही. कळलं होतं.

तेव्हा तरी बोलायचंस, असं तुम्ही म्हणाल. बोलता आलं असतं. थांबा, प्रमाणात काहीतरी गडबड झाली वाटतं — एवढं पुरलं असतं, आणि माझी अब्रूही शाबूत राहिली असती. मी म्हणालो, "मेधा, चहा टाक गं."

सबबी माझ्याकडे भरपूर आहेत. मुलीची बारावी होती. खोली पश्चिमेची, दुपारी तापते. पंखा लावायला छत पुरेसं उंच नाही. तोंडाने मी एकही खोटा आकडा उच्चारला नाही. यातलं प्रत्येक वाक्य खरं आहे, आणि त्यातल्या एकामुळेही मी ती खाट तशी कापली नाही. मला ती खोली हवी होती. रोज सकाळी सहा ते साडेसात, दार लावून, हातात चिमटा — मला ते हवं होतं, आणि बाबा आले की ते संपणार होतं. आजारी माणसाच्या खाटेशेजारी कुणी पितळी तार कापत बसतं का? बोट की बाप, असं कुणी विचारलं असतं तर मी नाकाने कांदे सोलले असते. कुणी विचारलं नाही, आणि मी बोट घेतली. घ्या, बोललो एकदाचं.

आणि आता मी ती मोडून-फोडून टाकावी असं तुम्हाला वाटत असेल, तर नाही. ती काचेखाली आहे. सुंदर झाली आहे. माझ्या हातून आजवर झालेल्या कामातलं सगळ्यात चोख काम. तिच्याकडे बघून मला लाज वाटत नाही. लाज त्या साडेदहा मिलिमीटरांची आहे, आणि ती मी बोटीवर ढकलणार नाही.

बाबा पुढे चार वर्षं वाकोल्यालाच राहिले. गॅलरीत खुर्ची टाकून बसायचे. त्या चार वर्षांत दहा वेळा खाली उतरले — सुहासने सांगितलेला आकडा आहे — त्यातल्या आठ वेळा डॉक्टरकडे. अकराव्या वेळी त्यांना उतरवावं लागलं. चौघे लागले, जिना अरुंद आहे.

आणि त्या चारही वर्षांत त्यांचे फोन थांबले नाहीत. धुराड्याला वरून हातभर काळा पट्टा होता. शिडी डावीकडे होती, उजवीकडे नव्हे. खलाशी दोर असा गुंडाळायचे, तसा नाही. आवाजात कधी काटा नाही. मी प्रत्येक गोष्ट वहीत टिपून घेतली आणि तशीच केली. त्यांनी रागावायला हवं होतं का? एखादा टोमणा तरी? मी वाट बघत असे. त्यांनी मला तेवढंही दिलं नाही, आणि याचा मला आजही राग येतो. बापाचा राग येतो, हो.

तेराव्यानंतर सुहासचा फोन आला. "दादा, बाबांची खाट काढतोय. इथे पोरांना जागा होईल. तुझ्याकडे तर बसणार नाही. भंगारवाल्याला देऊ?"

मी खोलीतच होतो. म्हणालो, "दे."

परवा एका लग्नात पंगतीला सुहास माझ्या शेजारी होता. समोरच्या मावशींनी बाबांचा विषय काढला. शेवटी फार हाल झाले ना रे तिसऱ्या मजल्यावर, म्हणाल्या. सुहासने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "दादाने लय बघितलं हो मावशी, अगदी मॉडेल करून बघितलं. पण जागाच नव्हती."

मावशींनी माझ्याकडे बघून मान हलवली. सुहासचा हात खांद्यावर तसाच होता. मला भूक लागली होती. मी भात मागून घेतला आणि जेवलो.