मूळ गाव विचारलं तेव्हा

हे लिहायचं मी बरीच वर्षं टाळलं. आमच्या मनुरेवा उपनगरातल्या ज्येष्ठांच्या क्लबात अजूनही सांगतात, की त्या नायजेरियन गृहस्थांनी आपणहून नाव मागे घेतलं. ते खरं आहे, पण अर्धंच.

ते हात मिळवायचे आणि सोडायचे नाहीत. तुमचा हात धरून आधी घर कसं आहे विचारायचे, मग झोप, मग मुलं, आणि शेवटी, "थकवा कसा आहे?" त्यांच्याकडे तशी रीतच. सुरुवातीला मी गुडघ्यांपासून सविस्तर उत्तर द्यायचो. मग त्यांनीच हसत समजावलं, की यावर फक्त 'थकवा नाही' म्हणायचं असतं, असला तरी.

मी देश सोडून इथे मुलाकडे येऊन राहिलेलो, ते मुलीकडे. दिवसभर दोन्ही घरं रिकामी, म्हणून सकाळी लायब्ररीसमोरच्या बाकावर बसायचो. "इथले शेजारी भांडतसुद्धा नाहीत हो," ते म्हणायचे. गंमत म्हणून नव्हे.

ओळख झाल्या झाल्या मी आपल्या लोकांचा नेहमीचा प्रश्न विचारला होता. मूळचे कुठले? तुम्हीही विचारत असालच. गाव कळतं, नातं निघतं, आणि न विचारता जातही कळते. त्यांनी माझा हात सोडला.

मग सांगितलं. आजोबा उत्तरेकडून कथलाच्या खाणीत कामाला आले. वडील त्याच शहरात जन्मले, हेही तिथलेच, तिथल्याच शाळेत आयुष्यभर शिकवलं. पण नगरपालिकेला उभं राहायचं तर मूळ रहिवासी असल्याचा दाखला हवा, आणि तो त्यांना कुणी देईना. तुमचं गाव दुसरं, म्हणाले. त्या दुसऱ्या गावी गेले, तर तिथे त्यांना कुणी ओळखेना. मत तेवढं देता यायचं, तेही जीव मुठीत धरून. एका गल्लीत मशीद, पलीकडे चर्च. मतदानाच्या दिवशी त्यांची आई पाणी भरून ठेवायची आणि दाराला आतून पेटी लावायची.

"हे कुणाला सांगू नका," ते म्हणाले. "मुलीला वाटतं, मला राजकारणाचा कंटाळा होता. तसंच वाटू दे."

इथे नागरिक नसलात, तरी कायमचं राहायला मिळालं की पुढे मत देता येतं. २०१४ला त्यांनी इथलं पहिलं मत दिलं आणि शाळेच्या हॉलमधून बाहेर येऊन माझ्यासमोर उभे राहिले.

"नाव आणि पत्ता," ते म्हणाले. "बाकी काही म्हणजे काही विचारलं नाही."

पुढच्या वर्षी क्लबाची समिती निवडायची होती. त्यांनी उभं राहायचं ठरवलं, आणि नाव मी सुचवावं असं म्हणाले. आयुष्यात कुठेतरी एकदा निवडून यायचं होतं त्यांना, हॉलच्या चहाच्या समितीवर का होईना.

सभेच्या आदल्या दिवशी शेजारच्या टाकानिनीहून आमच्या भजनातल्या एका गृहस्थांचा फोन आला. तेही त्याच जागेसाठी उभे होते. "काका, नवरात्राला क्लबाचा हॉल मिळायचा तर आपला माणूस आत हवा. तुम्ही त्या आफ्रिकन आजोबांना सुचवताय म्हणे? मग भजनाला कुठल्या तोंडाने बसणार?"

सभेला ते आकाशी रंगाचा कडक इस्त्रीचा झगा घालून आले. मुलगी पहिल्या रांगेत. मी उठलो आणि म्हणालो, "हे फार सज्जन आहेत. यांच्या स्वतःच्या शहरानेही यांना परकं ठरवलं, कधी उभं राहू दिलं नाही. आपण देऊ या."

मागून कुणीतरी अगदी साधेपणाने विचारलं, "का बरं नाही दिलं?"

हॉलभर कुजबुज झाली. मुलीने वळून वडिलांकडे पाहिलं. ते उठले, "माझं नाव काढा," म्हणाले, आणि खाली बसले. टाकानिनीचे गृहस्थ निवडून आले. मी टाळ्या वाजवल्या.

मी कळवळ्याने बोललो, असं मी सगळ्यांना सांगत आलो, घरातही. ते खोटं आहे. तो प्रश्न येणार हे मला ठाऊक होतं. माणूस गावाने नाकारलेला आहे म्हटल्यावर लोक काय विचारतात, हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही.

त्यानंतर बाकावर मी एकटाच. ते लायब्ररीत दुपारचे जाऊ लागले, असं कानावर आलं. मी दुपारी गेलो नाही.

२०१७च्या मतदानाला ते येणारच, म्हणून मी घरून एक वाक्य जुळवून नेलं होतं. माझं मत देऊन शाळेच्या फाटकाशी थांबलो. ते बाहेर आले, मला पाहून थांबले.

"दिलंत मत?"

"दिलं," मी म्हणालो. वाक्य जिभेवर होतं. मी म्हणालो, "आज वारा फार आहे."

"हो, आहे खरा." क्षणभर ते तसेच उभे राहिले, मग मुलीच्या गाडीकडे गेले.

उन्हाळ्यात मुलगी त्यांना घेऊन पर्थला राहायला गेली. पत्ता मी कुणाकडे मागितला नाही.

वाक्य असं होतं: तुम्ही विश्वासाने सांगितलेलं मी जाणूनबुजून तुमच्याविरुद्ध वापरलं, तेही तुमच्या मुलीसमोर. मला क्षमा करा.