मोटरीच्या वायरचा पीळ

काळ्या चिकटपट्टीचा वास आला की मला वालूरची ती संध्याकाळ आठवते. नणंदेचं भजनी मंडळ पाच वाजता टीव्हीवर दिसणार होतं, म्हणून टीव्ही ओसरीवर आणला होता आणि गल्लीतल्या बायका दाटीवाटीनं बसल्या होत्या. केबल कमी पडली, तेव्हा मामंजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, तुकडा जोडला. पण विहिरीवरच्या मोटरीच्या वायरला देतात तसा सगळ्या तारांना एकच करकचून पीळ देऊन. पडदा कोराच राहिला. "छत्रीच हाललीय," म्हणत ते पाना घेऊन डिश बसवलेल्या माळवदाच्या छतावर चढले. लग्नाला जेमतेम महिना झालेली मी खालून ओरडले, "मामंजी, छत्रीला हात लावू नका, जोडच चुकलाय!" एकीनं तोंडाला पदर लावला. मी टीव्हीजवळचा सेटटॉप बॉक्स बंद केला, पीळ सोडला, मधली तार मधल्या तारेला जोडली, तिच्यावर पट्टी गुंडाळली, मग बाहेरची जाळी जाळीला. बॉक्स लावला, तर समोर नणंद टाळ वाजवत उभी! बायकांनी एकच गलका केला. "कुनी केलं?" वरून मामंजींनी विचारलं. "तुमच्या सुनेनं!" आताही चित्र गेलं की मामंजी पाना शोधत नाहीत, बसल्या जागेवरून सगळ्यांना दटावतात, "हात लावू नका, आमची सून बघायलीय."