हिवरदऱ्याची जागल

निजामाविरुद्धचं बंड मोडलं तेव्हा हिवरदऱ्यात चिटपाखरू उरलं नव्हतं. बंडवाल्यांनी चावडी जाळली, मागोमाग आलेल्या निजामाच्या फौजेनं घरं धुंडाळली, कडब्याच्या गंजी पेटवल्या. ज्याला जमलं तो कड्यावरून इंग्रजी हद्दीत, नगरच्या अंगाला पळाला. भिवराबाईचा नवरा अर्जुनराव पळाला नाही. दावणीचे बैल सोडता सोडता फौजेची गोळी लागून तो गेला.

परक्या रानात खुरपून जीव विटला, तशी भिवराबाई सगळ्यांच्या आधी परतली. गावच्या बारवेत मेलेलं जनावर फुगून पडलं होतं. सोबत आलेल्या दोन बायांना घेऊन तिनं ते ओढून काढलं, गाळ पाट्यांनी उपसला. हाताची सालटं निघाली. पाणी निवळल्याचं कळलं तसे लोक एकेक करून माघारी आले.

पण नुसत्या पाण्यावर गाव नांदत नाही. घाटात लुटारू बसलेले, त्यामुळं पाटोद्याचे व्यापारी खाली उतरेनात. बाजार बंद. मीठ मिळेना, बियाणं मिळेना. पाटील विठ्ठलराव तहसिलीत खेटे घालून आले. सरकारी जवान आले, कोंबड्या खाऊन गेले. गावाची आणि वाटांची राखण करणारा जुना जागल्या तिकडंच नगरकडं राहिला आणि त्याची जागा घ्यायला कोणी पुढं होईना.

मग गावातलाच एक कुणबी, पंडित, पुढं आला. फौजेला आडवाटेनं गावात आणणारा हाच, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

"मी करतो जागल," पारापुढं उभा राहून तो म्हणाला. कुणब्यानं दारोदारची भाकर मागून जागल करायची, हे कुणी ऐकलं नव्हतं.

लोक खवळले. विठ्ठलरावांनी हात वर केला. "ज्याचं गेलं त्याला इचारा. भिवराबाई, तू बोल."

भिवराबाई पंडितपुढं येऊन उभी राहिली. "फौजेला वाट तूच दावली ना?"

"व्हय."

"कावून?"

"लेकीच्या गळ्याला तलवार लावलती, वैनी."

खरं असेल, खोटं असेल. ते पारखत बसायची ताकद तिच्यात नव्हती.

"मला आता भांडायला जोर न्हाई," ती म्हणाली. "हाय तेवढा पेरायला लागल. आडवाटा ह्यालाच ठाव्या हायत, करू द्या जागल. पण माझ्या दारात यायचं न्हाई."

पंडितनं मान हलवली. त्या दिवसापासून तिच्या वाट्याची भाकर ती पारावर ठेवून निघून जाई. तो ती मागाहून उचली.

बाजाराच्या दिवशी तो स्वतः पाटोद्याला गेला आणि मिठाच्या, हरभऱ्याच्या गोण्या लादलेले बैल आणि व्यापारी घेऊन घाट उतरू लागला. लुटारूंनी गाठलंच. पंडितनं व्यापाऱ्यांना आडवाटेला लावलं आणि काठी घेऊन एकटा थांबला. बैल गावात पोचले. तो मात्र दिवस कलताना आला, मोडलेला हात दुसऱ्या हातात धरून.

बायकांनी मिठासाठी गर्दी केली होती. कुणी त्याला बसायलाही सांगितलं नाही. भिवराबाईनं ते पाहिलं आणि तिला संताप आला. कुणाचा, ते तिलाही उमगलं नाही.

ती तडक विठ्ठलरावांकडं गेली. "एका माणसाच्या जिवावर गाव बाजार करतंय व्हय? घरटी एक गडी घाटात जाऊ द्या, पाळीपाळीनं."

"लोक त्याच्यासंगं उभं ऱ्हायचं न्हाईत."

"नगं उभं ऱ्हाऊ. घाटात तर उभं ऱ्हातील? माझ्या घरात गडी न्हाई, तर माझ्या पाळीला मी जाते."

बाईच घाटात निघाली म्हटल्यावर गडी कसे मागं राहणार? कुरकुरत का होईना, निघाले. लुटारूंनी आणखी एकदा तोंड दाखवलं, पण एवढ्या काठ्या-कुऱ्हाडी पाहून पळाले ते पुन्हा फिरकले नाहीत. तेली आला, तांबोळी आला, बांगड्यांची पेटी घेऊन कासार आला. जळक्या चावडीवर नवं छप्पर चढलं.

पंडितचा हात वाकडाच जुळला. भिवराबाईनं त्याला माफ केलं असं कधी म्हटलं नाही, त्यानंही विचारलं नाही. वाटेत गाठ पडली की तो बाजूला सरे, ती पुढं जाई.

त्या साली तिनं उसन्या बैलांनी ज्वारी पेरली. उगवण विरळ होती. बांधावर बसून तिनं पाय चोळले, थोडा वेळ डोळे मिटले आणि मोकळ्या राहिलेल्या जागी पुन्हा बी टोकायला उठली.