बाईंनी खोडलेले शून्य

शकुंतला कांबळे बाईंची आणि माझी पहिली भेट झाली ती माझ्या नोकरीच्या पहिल्याच दिवशी. येरमाळ्याहून एसटीने उमरग्याला आणि तिथून कर्नाटकच्या सीमेलगतच्या या शाळेच्या गावी पोहोचेपर्यंत परिपाठ संपत आला होता. बाई मुख्याध्यापक, तरी स्वतः फाटकापर्यंत आल्या. "इथं निम्मी लेकरं घरात कन्नड बोलतेत, मॅडम. कळालं न्हाय तर त्यांनाच विचारा," असे म्हणाल्या. मी मान डोलावली. विचारले मात्र कधीच नाही.

बाईंच्या साठीनिमित्तच्या या ग्रंथात त्यांचे पुष्कळ गुण सांगावेत असे मनात होते. त्यांनी स्वतःच्या पैशाने मुलांना चष्मे आणून दिले, बदलीची संधी असूनही त्या इथेच राहिल्या, हे इतर मंडळी लिहितीलच. माझे लिखाण मात्र एकाच दिवसापाशी येऊन थांबते.

दुसरीच्या वर्गाची चाचणी होती. निकालपत्रक दुसऱ्या दिवशी वर पाठवायचे होते आणि मी नवखी असल्याने मला त्याचीच धास्ती. शिवलीला नावाच्या सात वर्षांच्या मुलीला मी मोराचे चित्र दाखवले. ती म्हणाली, "नविलु." वर्ग हसला. मीही हसले आणि 'चूक' अशी खूण केली. मग वाचनाचा कागद पुढे धरला, तर तिने तोंडच उघडले नाही. मी सर्वांदेखत मोठ्याने "शून्य" म्हणाले आणि तसेच पत्रकात लिहिले.

संध्याकाळी तिचे वडील सिद्रामप्पा धावत बाईंच्या घरी आले. मी शेजारच्याच खोलीत राहत होते. "लेक घरी आली न्हाय, बाई!" एवढेच त्यांना बोलता आले. शाळेमागे कठडा नसलेली विहीर होती. माणसे तिच्यात वाकून पाहू लागली, कोणी गळ आणायला पळाले. पाण्यात काहीतरी पांढरे दिसले. ते कागदाचे भेंडोळे निघाले.

बाईंनी मला बाजूला घेतले. "कुलूप लावताना वर्गात बघितलं होतं का?"

मी पाहिले नव्हते.

बाईंनी माझ्याकडून किल्ली घेतली आणि वर्गाचे कुलूप उघडले. कपाट आणि भिंत यांच्या सांदीत शिवलीला गुडघ्यांत डोके खुपसून बसली होती. आम्ही बाहेर मारलेल्या सगळ्या हाका तिने ऐकल्या होत्या. पुन्हा परीक्षा घ्यायला आलेत, असे वाटून ती गप्प राहिली होती. बाई खाली बसल्या आणि तिच्याच बोलीत हळूच म्हणाल्या, "बा अव्वा, बा." म्हणजे, ये गं पोरी, ये. तेव्हा कुठे ती रडली.

जमलेल्या लोकांसमोर बाईंनी माझे नाव घेतले नाही. "शाळा माझ्या ताब्यात हाय. चूक माझी," असे त्या म्हणाल्या. मला मात्र एकांतात बजावले, "उद्या तुम्ही त्यांच्या घरी जा आणि खरं सांगा."

त्या रात्री माझ्या डोळ्याला डोळा लागला नाही. नोकरी जाईल, सिद्रामप्पा अंगावर येतील, काय काय मनात आले. सकाळी त्यांच्या दारात उभी राहून मी सगळे सांगितले. ते म्हणाले, "माझी लेक येडी न्हाय ना, मॅडम? तेवढं सांगा." त्या प्रश्नाने मला जेवढी भीती वाटली, तेवढी विहिरीच्या काठावरही वाटली नव्हती.

बाईंनी पत्रक थांबवून धरले. "नविलु म्हंजे मोरच. तिनं बरोबर सांगितलं, आपल्याला कळालं न्हाय," असे म्हणून ती खूण त्यांनी दुरुस्त केली. दोन दिवसांनी शिवलीलाला लिंबाखाली मैत्रिणीशेजारी बसवून तोच कागद वाचायला दिला. आम्ही पाठमोऱ्या उभ्या होतो. ती सावकाश वाचत गेली, फक्त जोडाक्षरांना अडली. बाईंनी शून्य खोडून बाजूला सही केली. अपराधी मनाने मी पूर्ण गुण लिहू लागले, तर त्यांनी माझा हात धरला. "दयेचे गुण देऊ नका. जिथं अडली ते लिहा, उद्यापासनं तेच शिकवायचंय." पत्रकाला उशीर झाल्याबद्दल वरून खुलासा मागवला गेला, तोही बाईंनी स्वतःच्या नावाने दिला. शिवलीला पुढे सातवीपर्यंत आमच्याच शाळेत शिकली.

गेल्या महिन्यात उमरग्याला बाईंचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले. पट्टी काढल्यावर डॉक्टरांनी अक्षरांचा तक्ता वाचायला सांगितला, तेव्हा बाईंनी माझे मनगट घट्ट धरले. "भ्या वाटतंय वो. न्हाय दिसलं तर?" त्यांना घाबरलेले मी प्रथमच पाहत होते आणि त्यांच्याहून जास्त मीच घाबरले होते. त्यांनी एकेक ओळ वाचली. शेवटची आली तेव्हा स्वतःच म्हणाल्या, "ही न्हाय दिसत."

बाईंची नजर अशीच सुधारत जावो, गुडघे साथ देवोत आणि शंभरीपर्यंत त्यांचा आवाज खणखणीत राहो. चाचणीच्या दिवशी मला अजून धास्ती वाटते. सकाळी बाईंना फोन करते, त्या उचलतात आणि मगच मी वर्गात पाऊल टाकते. तो फोन पुष्कळ वर्षे असाच उचलला जावो.