सूर्य सहा वाजून दोन मिनिटांनी मावळतो

शिवलीलानं समुद्र पहिल्यांदा पाहिला तो वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, आणि पाहिला तोही तापलेल्या डोक्यानं. त्याआधीची चार वर्षं ती सोलापूरच्या भवानी पेठेतल्या दहा बाय बाराच्या स्टुडिओत बसून कुणाला ना कुणाला समुद्रावर, वाळवंटात, नाहीतर डोंगरावर पोचवत होती. स्वतः मात्र तुळजापूरच्या पलीकडं फारशी गेली नव्हती.

तिचं माहेर मैंदर्गी. वडील धोंडप्पा यांचं तिथल्या बाजारात दोरखंडाचं दुकान. घरात कानडी, शाळेत मराठी. बी.ए.ला तिनं भूगोल घेतला, नकाशे काढण्यात तिचा हात कुणी धरू शकत नव्हतं. पण मैंदर्गीत नकाशा काढणाऱ्या मुलीला कोण काय काम देणार? तेविसाव्या वर्षी लग्न झालं आणि ती सोलापुरात संगमेशच्या घरी आली.

संगमेशचा फोटो स्टुडिओ होता. पासपोर्ट फोटो, बारशी, लग्नं. माणूस कामाचा. कन्यादानाच्या वेळी बापाच्या डोळ्यात पाणी यायच्या आधीच त्याचा कॅमेरा बापाकडं वळलेला असे. पण घड्याळ आणि संगमेश यांचं जन्माचं वैर. 'होतंय की' हे त्याचं सगळ्या प्रश्नांना एकच उत्तर.

मग सोलापूरची लग्नं सोलापूर सोडून जायला लागली. ज्यांच्याकडं चार पैसे आले त्यांना कार्यालयातली पंगत नको झाली. कुणी राजस्थानात किल्ला घेतला, कुणी गोव्यात रिसॉर्ट. संगमेशला पहिलं तसलं काम मिळालं जयपूरकडचं. तो आणि त्याचा जोडीदार सिद्धाराम पुण्याला विमान धरायला गेले आणि कॅमेऱ्याच्या सगळ्या जादा बॅटऱ्या मोठ्या पेटीत घालून पेटी सामानात देऊन मोकळे झाले. बॅटऱ्या तशा चालत नाहीत, जवळच्या बॅगेत ठेवाव्या लागतात, हे दोघांनाही ठाऊक नव्हतं. पेटी उघडायला सिद्धारामला आत बोलावलं. तो बाहेर येईपर्यंत विमान संगमेशला घेऊन उडालं होतं. मेंदीचा सगळा कार्यक्रम संगमेशनं एकट्यानं, गळ्यात दोन कॅमेरे अडकवून काढला.

घरी आल्यावर तो म्हणाला, "हे जायचं-यायचं डोकं माझं न्हाय."

"मग ते माझ्याकडं द्या," शिवलीला म्हणाली.

तिनं ते घेतलं ते पूर्णच घेतलं. गाडीच्या वेळा तर कुणीही बघतं. ही फोन करायची. हवेलीच्या दारापर्यंत गाडी जाते का, की पेट्या डोक्यावर घेऊन चढायचं? लिफ्टमध्ये लाईटचे स्टँड मावतात का? नवरीच्या खोलीला खिडकी आहे का, आणि ती कुठल्या बाजूला? वेटिंगचं तिकीट पक्कं झालं नाही तर दुसरी वाट कोणती? सगळं लिहून काढून ती संगमेश आणि सिद्धारामच्या फोनवर पाठवायची.

आणि ते दोघं वाचायचे नाहीत.

"मी पाठवलेलं बघितलं का?"

"बघितलं की."

"वाचलं का?"

यावर संगमेश कॅमेऱ्याची काच पुसायला लागे.

एकदा तिनं ठळक अक्षरात लिहिलं होतं की स्टेशनच्या मागच्या दारानं बाहेर या, गाडी तिथंच उभी आहे. दोघं पुढच्या दारानं बाहेर पडले आणि तासभर गाडीवाल्याशी फोनवर भांडत बसले. त्या दिवशी ती सोलापुरात बसून दोघांना एकाच वेळी दोन फोनवर वाट सांगत होती. तिची सासू सुंदरम्मा शेंगा निवडत हे ऐकत होती. ती म्हणाली, "एवढं करण्यापेक्षा तूच गेलेली बरी." शिवलीलाला त्याचाही राग आला, कारण ते खरं होतं.

मागच्या वर्षी शरणबसव यांच्या मुलीचं लग्न आलं. चादरी-टॉवेलचा मोठा व्यापार, एकुलती एक मुलगी काव्या, आणि लग्न मालवणच्या किनाऱ्यावर. सगळ्या कार्यक्रमाची आखणी पुण्याच्या पृथ्वीराज नावाच्या तरुणाकडं होती. त्यानं पाठवलेला कागद रंगीत होता. मिनिटामिनिटाचा हिशेब. दुपारी स्वामींसमोर अक्षता. संध्याकाळी पावणेसहाला नवरदेव होडीतून किनाऱ्यावर येणार. साडेसहाला मावळत्या सूर्यासमोर वरमाला.

शिवलीलानं तो कागद दोनदा वाचला. मग तारीख बघितली. डिसेंबरचा पहिला आठवडा. सूर्यास्ताची वेळ बघितली. सहा वाजून दोन मिनिटं.

तिनं मालवणात ज्या खानावळवाल्या बाईंकडं खोल्या घेतल्या होत्या त्यांनाही फोन लावला. घेतल्या होत्या म्हणजे घ्याव्या लागल्या होत्या. रिसॉर्टमध्ये पाहुण्यांना खोल्या होत्या, पाहुण्यांच्या ड्रायव्हरांना होत्या, फोटोवाल्यांना नव्हत्या. बाईंना तिनं तारीख सांगितली आणि विचारलं, त्या संध्याकाळी होडी किनाऱ्याला लागते का?

"पुनवेच्या दुसऱ्या दिसाक?" बाई हसल्या. "सांजेक सुकती असतली. पाणी खूप मागे जाता."

म्हणजे ओहोटी. शिवलीलानं ताबडतोब पृथ्वीराजला सविस्तर लिहून पाठवलं. वरमाला साडेपाचला घ्या, होडी दुपारी पाणी चढलेलं असताना आणा. उत्तरात एक अंगठा आला. दोन दिवसांनी रंगीत कागद पुन्हा आला तो जसाच्या तसा. तिनं फोन केला.

"ताई," पृथ्वीराज गोड आवाजात म्हणाला, "फ्लो फायनल झालाय. ब्राइडचा मेकअपच पावणेसहापर्यंत आहे. तुम्ही फक्त तुमच्या टीमचं ट्रॅव्हल बघा ना."

"अहो, सूर्य मेकअपसाठी थांबणार हाय का?"

"सनसेटनंतर पण खूप छान ग्लो असतो, ताई."

तिनं फोन ठेवला आणि संगमेशला म्हणाली, "शरणबसवअण्णांना तुमी सांगा."

"आपण फोटो काढायचे. आखणी त्यांची. मधे कशाला पडायचं?" संगमेश म्हणाला. "होतंय की."

निघायच्या आदल्या आठवड्यात सिद्धाराम दुचाकीवरून घसरला आणि त्याचं मनगट प्लॅस्टरमध्ये गेलं. दुसरा माणूस मिळेना. शिवलीलाला कॅमेरा धरता येत होता, स्टुडिओत कितीतरी साखरपुडे तिनं काढले होते. "तूच चल," संगमेश म्हणाला.

तिनं ठरवलं होतं पहाटे सहाला निघायचं. सांगोला, मिरज, कोल्हापूर, आणि घाट उजेडात उतरायचा. चार वाजता किनाऱ्यावर जाऊन जागा बघायची, सूर्य कुठं बुडतो ते डोळ्यांनी बघायचं. संगमेशनं आदल्या दिवशी तिला न विचारता त्याच सकाळचं कुंभारीतलं एक बारसं घेतलं. "तासाभराचं काम हाय," तो म्हणाला. बाळ झोपलं, आत्या यायची राहिली, आणि ते सोलापुरातून निघाले एक वाजता. फोंडाघाट अंधारात उतरावा लागला. मुक्कामी पोचले तेव्हा समुद्राचा फक्त आवाज होता. शिवलीला वाटभर संगमेशशी एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर घाटातच गाडीतून उतरली असती.

दुसऱ्या दिवशी सकाळी रिसॉर्टवर जाताना नारळीच्या झाडांमधून अचानक तो दिसला. एवढं पाणी! मैंदर्गीत असताना तिनं पाटीवर निळ्या खडूनं जे रंगवलं होतं ते हे. पण थांबायला वेळ नव्हता, नवरीच्या खोलीत हळदीची भांडी मांडून झाली होती. तिनं गाडीतूनच मान वळवून जेवढं मिळालं तेवढं पाहून घेतलं.

अक्षता छान झाल्या. संगमेशला अपेक्षेपेक्षा चांगले फोटो मिळाले. मग साडेचार वाजले, पाच वाजले. किनाऱ्यावर फुलांची कमान उभी होती आणि तिच्यासमोरचं पाणी दर पाच मिनिटांनी आणखी मागं सरकत होतं. शिवलीला वर नवरीच्या खोलीत गेली. "फक्त दहा मिनिटं द्या, खाली दोघांचे फोटो काढून घेऊ," ती म्हणाली. मेकअप करणारी मुलगी म्हणाली, अजून एक डोळा राहिलाय. काव्यानं आरशातून शिवलीलाकडं पाहिलं, पण तिला मान हलवायचीही परवानगी नव्हती.

पावणेसहाला होडी आली. झेंडूच्या माळा लावलेली, आत नवरदेव, त्याचे दोन मित्र आणि एक ढोलवाला. कमानीपासून दीडशे पावलांवर ती वाळूत रुतली आणि थांबली. ढोल वाजत राहिला. नवरदेवानं खाली पाहिलं. मधे सगळा चिखल आणि शेवाळ. शेवटी होडीवाल्यांनी हातांची बैठक करून त्याला उचललं. शेरवानीचा घोळ एकानं दातात धरला होता. पाहुणे हसायला लागले. नवरदेव हसत नव्हता. संगमेशनं कॅमेरा खाली केला. हा फोटो काढावा की काढू नये, तेच त्याला कळेना.

या सगळ्यात सूर्य गेला. शिवलीलानं घड्याळ बघितलं नाही, तिला बघायची गरज नव्हती.

वरमाला झाली सहा चाळीसला, मोठ्या दिव्यांच्या पांढऱ्या उजेडात. मागं काळं पाणी. शरणबसव संगमेशजवळ आले, कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर फोटो पाहिले आणि त्यांचा चेहरा उतरला.

"सूर्य कुठाय यात? किनाऱ्यावर एवढा खर्च कशासाठी केला मी?"

पृथ्वीराज लगबगीनं पुढं आला. "सर, फोटोग्राफीची टीम थोडी लेट सेट झाली."

चार वर्षं शिवलीलाच्या आत साठलेलं सगळं तेव्हा वर आलं. ती कानडीत बोलली, म्हणजे पृथ्वीराजला कळू नये म्हणून नाही, तर रागात तिला दुसरी भाषा सुचतच नाही म्हणून. "नाव मोदल हेळिद्वी, अण्णा." आम्ही आधीच सांगितलं होतं. आणि तिनं फोन काढून त्यांच्या हातात दिला. तिनं पाठवलेलं सगळं त्यात होतं. सूर्यास्ताची वेळ, ओहोटी, होडी, आणि खाली तो एक अंगठा.

शरणबसवांनी चष्मा चढवून ते वाचलं. पृथ्वीराजकडं पाहिलं. मग फोन परत दिला आणि म्हणाले, "मला का न्हाई सांगितलं?"

तिनं संगमेशकडं पाहिलं. उत्तर त्याच्याजवळ होतं, आणि तो ट्रायपॉडचा स्क्रू आवळत बसला होता.

पण शरणबसव पाहुण्यांसमोर पृथ्वीराजला काही बोलले नाहीत. लग्नघर होतं, व्याही उभे होते. जेवताना उलट त्यांनी त्याचं कौतुकच केलं. शिवलीलाला घास गोड लागला नाही.

परत आल्यावर आठवड्याभरात शरणबसवांचा निरोप आला. अल्बममध्ये वरमालेच्या मागं सूर्य पाहिजे, हल्ली कॉम्प्युटरवर होतं म्हणतात. कॉम्प्युटरवरचं काम शिवलीलाचंच. तिनं सांगून पाहिलं, अण्णा, सावल्या जुळणार नाहीत, उजेड समोरून आणि सूर्य मागं, खोटं दिसेल. "कोण बघतंय सावल्या?" ते म्हणाले.

मग तिनं बसून तो सूर्य लावला. नारिंगी, मोठा, समुद्रावर टेकलेला. आठ फोटोंना. दात-ओठ खात. अल्बम गेला, सगळ्यांना आवडला. पृथ्वीराजनं तोच फोटो आपल्या जाहिरातीला लावला आणि खाली लिहिलं, आमच्या अचूक नियोजनाचा क्षण. ते वाचून शिवलीला स्टुडिओचं शटर अर्धं ओढून बाहेर पायरीवर जाऊन बसली.

संगमेश थोड्या वेळानं येऊन शेजारी बसला. मग म्हणाला, "अण्णाला मी सांगायला पायजे होतं."

"व्हय. पायजे होतं."

"आणि ते बारसं..."

"ते काढूच नका आता."

त्या दिवसापासून तिनं एक केलं. कुठल्याही बाहेरगावच्या लग्नाचं काम घ्यायच्या आधी मुलीच्या किंवा मुलाच्या बापाशी ती स्वतः बोलते, आखणीवाल्याशी नाही. एक-दोघांशी त्यामुळं बिनसलं. "फोटोवालीची बायको आम्हाला शिकवणार," असं एकानं बोलूनही दाखवलं. ती म्हणाली, फोटोवाल्याची बायको म्हणा, आणि फोन ठेवला. संगमेश ते काम गेलं म्हणून दोन दिवस फुगून बसला होता. अजूनही तो तिनं पाठवलेलं पूर्ण वाचत नाही. निम्मं वाचतो.

परवा उदयपूरच्या एका लग्नासाठी फोन आला. नवऱ्या मुलाचे वडील बोलत होते. तलावात बेट, बेटावर हॉटेल, संध्याकाळी फेरे.

"मामा," शिवलीला म्हणाली, "होडीत एका वेळी माणसं किती बसतात, आणि आमच्या पेट्या कुठल्या होडीतून येणार?"

पलीकडं कागद चाळल्याचा आवाज आला.

"ते आखणीवाल्यांना विचारून सांगतो, ताई."

"विचारा," ती म्हणाली आणि कागद पुढं ओढला. "मी थांबते. फोन ठेवू नका."