विमलक्कांची गच्ची

हे मी घरातसुद्धा कधी बोललो नाही. राजाजीनगरच्या आमच्या शाळेतली विमलक्कांची गच्चीवरची बाग ज्या गळतीपायी उखडली, ती गळती बागेची नव्हती. चूक माझी होती.

विमलक्का विज्ञान शिकवायच्या. मूळच्या निपाणीच्या, मीही तिकडचाच. त्यामुळे शाळेत सगळीकडे कानडी असली तरी आमचं आपसात मराठी चालायचं. सर्वांत वरच्या मजल्यावर सातवीचा वर्ग. तिथं शिरल्या की हजेरीआधी त्या पश्चिमेच्या भिंतीला तळवा लावत, आजारी पोराच्या कपाळाला लावावा तसा. "ताप आलाय हिला," म्हणत, आणि सगळ्या वर्गाला घोट घोट पाणी प्यायला लावत.

मी शाळेच्या देखभालीचा व्यवस्थापक. एका दुपारी त्या टेबलासमोर येऊन उभ्या राहिल्या. "अण्णा, स्वल्प, जरासं वर चला की." गच्चीवर चपलेतूनही चटका बसत होता.

"खाली पोरं हवामानबदलाचा धडा वाचताहेत, आणि डोक्यावर हा तवा! कशी ओ डोकी चालायची?"

मी परवानगी मिळवून दिली. फुटके टब आले, नारळाच्या शेंड्या आल्या, दोडक्याचा मांडव चढला. मुलं बागेखालच्या आणि शेजारच्या वर्गातलं तापमान रोज वहीत लिहू लागली. माझी मुलगी मीरा त्याच वर्गात होती. तिनं एकदा विचारलं, "अक्का, दोडका एसीपेक्षा भारी का?"

"एसीची भाजी करून आण, मग सांगते."

दुपारी डोकं दुखतं, ही मीराची तक्रार त्या वर्षी बंद झाली.

गच्चीवरच्या टाकीच्या पाइपाचा सांधा फुटलाय, हे मला ठाऊक होतं. प्लंबरला आज सांगू, उद्या सांगू, यात तीन महिने गेले. पाणी टबांखालून मुरत गेलं आणि त्याच मजल्यावरच्या संगणकांच्या खोलीत टपकलं. संचालकांनी सगळ्यांना बोलावून विचारलं, "हे पाणी कुठलं?"

मी म्हणालो, "बागेचं असेल."

अक्का माझ्याकडे वळल्या. "टाकी बघितलीत नव्हं, अण्णा?"

"बघितली."

"तुम्ही बघितलीत म्हणजे सरी, बरोबरच असणार." आणि त्यांनी सगळ्यांदेखत संचालकांची माफी मागितली.

मुलांनीच टब खाली आणले. त्याच आठवड्यात मी गुपचूप सांधा बदलून घेतला. गळती थांबली. बाग काढली आणि गळती थांबली, एवढंच लोकांनी पाहिलं. माझ्या खोट्याला मीच पुरावा मिळवून दिला. त्यानंतर तोंड उघडायचं म्हणजे नोकरी आणि मीराची शाळा, दोन्ही पणाला लावायचं. मी गप्प राहिलो. दुपारी मीरा पुन्हा कपाळ दाबत घरी येऊ लागली, तरी गप्प राहिलो.

वर्ष संपल्यावर अक्का होसकोट्याच्या एका शाळेत गेल्या. मी फोनवर सहज विचारलं, "तिथं मांडव घातलात की नाही?"

"नको ओ अण्णा. माझ्या हातनं इमारत नासते."

आता आमच्या संचालकांना शाळा हिरवी करायची आहे. आराखडा मीच करायचा, पण गच्ची सोडून. कारण गळती बागेमुळे झाली, असा माझ्या सहीचा अहवाल जुन्या फायलीत आहे. वरच्या वर्गात आज दुसरी मुलं बसतात.

इमारत तुमच्या हातनं नासली नाही, हे मला होसकोट्याला जाऊन अक्कांना सांगायचं आहे, आणि तेच संचालकांना लिहून द्यायचं आहे. दोन्ही अजून केलेलं नाही.